अंगठ्याखालचा श्वास

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज कचेरीत माझ्यावर अन्याय झाला. तो मी शांत चित्ताने नोंदवून ठेवतो आहे, म्हणजे पुढच्या पिढ्यांना साधन म्हणून उपयोगी पडेल.

अठ्ठावीस वर्षं ज्या लाकडी खुर्चीत बसून मी नगरपालिकेच्या सभांचे वृत्तान्त लिहिले, ती सकाळी नाहीशी झाली होती. तिच्या जागी चाकांची, गुबगुबीत, पाठीला आधार वगैरे देणारी नवी खुर्ची. तिच्यावर बसलं की ती एक लांब सुस्कारा सोडते आणि चार बोटं खाली जाते. पुन्हा वर येत नाही. चार वाजेपर्यंत माझी हनुवटी टेबलाला टेकली. शेजारचा क्रीडा-वार्ताहर म्हणाला, "पंडित, आज नुसतं डोकंच पाठवलंय का कामावर?" निर्जीव वस्तूने माझ्याकडे पाहून सुस्कारे टाकावेत हे मला मान्य नाही. त्यासाठी घरची माणसं आहेत.

संपादकांकडे तक्रार घेऊन गेलो, तर त्यांनी काम दिलं. पुरवणीसाठी 'श्वास' या विषयावर आठशे शब्द.

"श्वासाबद्दल काय लिहू?"

"सगळंच. फुप्फुसं, हवा, कसं चालतं ते. आणि तुमचं ते प्राण-अपान जरा आवरतं घ्या. गेल्या वेळी पचनावर लिहिलंत, तर वाचकांनी विचारलं हा लेख आहे की श्राद्ध."

संध्याकाळी दादाचा फोन. दादा काचेच्या कारखान्यात फुंकणारा आहे. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या, पात्रं तो तोंडाने फुंकून करतो. एकोणचाळीस वर्षं करतो आहे. वीस लिटरचा मोठा गोल चंबू तर त्याच्याशिवाय तिथे कुणालाच जमत नाही. आता कारखान्यात नवा नियम निघाला आहे: पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येक फुंकणाऱ्याने श्वासाची तपासणी करून महिनाअखेर दाखला आणायचा. दाखला नाही तर फुंकनळीला हात लावायचा नाही.

"तू येशील का... बरोबर?" दादा म्हणाला. "कागद... तू नीट वाचतोस."

दादाच्या बोलण्यात हल्ली यती फार येतात. शाळेत शिखरिणी म्हणताना गुरुजी सहाव्या अक्षरावर थांबायला लावत तसा तो मधेच थांबतो, मग पुढचा चरण. वय झालं की माणसाला वक्तृत्व सुचतं, दुसरं काय.

"येतो की," म्हटलं. "तुझ्या श्वासाला कोण नापास करणार?" शाळेच्या मागच्या तलावात बुडी मारून कोण जास्त टिकतो ही पैज तो दर वेळी जिंकायचा. मी वर येऊन, अंग पुसून, खाऊ खाऊन झालं तरी तो खाली.

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मी काचेचा एक गोळा ठेवतो. दादाने पंचविसाव्या वर्षी केलेला. आत पोकळ आणि सगळीकडून बंद. म्हणजे आतली हवा दादाची आहे, पस्तीस वर्षांपूर्वीची. खुर्ची बदलणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही हे त्यांचं नशीब.

बुधवार, ६ फेब्रुवारी

तपासणी झाली. म्हणजे झाली नाही. सविस्तर लिहितो.

खोली लहान, पांढरी, एका भिंतीवर फुप्फुसांचं चित्र. तपासणीच्या बाई चाळिशीच्या, बांधा बारीक, आवाज मात्र चार गल्ल्यांना पुरेल असा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव फुंकरबाई ठेवलं. त्यांनी दादाच्या नाकाला कपडे वाळत घालतात तसला चिमटा लावला आणि तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली.

"काका, छाती भरून घ्या. घ्या, घ्या, अजून घ्या... आणि फुंका! जोरात! फुंका, फुंका, फुंका, फुंका!"

दादाने गाल फुगवले आणि फुंकलं. पण कसं? सुईत दोरा ओवावा तसं. पडद्यावर एक रेघ निघाली आणि गोगलगायीसारखी पुढे सरकत राहिली. बाईंचं ओरडणं संपलं, दादाचं फुंकणं चालूच.

"चौदा सेकंद!" बाई म्हणाल्या. "काका, हे काय?"

"फुंकलं."

"असं नाही हो. एकदम. तोफ उडाल्यासारखं."

"एकदम फुंकलं तर... फुटेल ना."

"काय फुटेल?"

"काच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने खुलासा केला की आमचे बंधू फुंकणारे आहेत, आणि वितळलेल्या काचेत जो तोफ उडवतो त्याच्या हातात शेवटी तुकडे राहतात. एकोणचाळीस वर्षं या माणसाने एकच गोष्ट शिकली आहे: श्वास राखायचा. त्याला तुम्ही एका मिनिटात उधळपट्टी शिकवायला निघालात!

आणखी तीनदा केलं. तीनही वेळा तसंच. "हे मला धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावरची रेघ पुन्हा एकदा न्याहाळली. "काका, जिना चढताना थांबता का मधे?"

"जिन्यावर बघण्यासारखं... पुष्कळ असतं," दादा म्हणाला.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. घरोघरी शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेसारख्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी या. घरी सराव करा. फटकन् सोडायचा."

दादा बूट घालत होता. एक बूट घालून जरा बसायचं, मग दुसरा. नीटनेटकेपणा त्याचा पहिल्यापासूनच. तेवढ्या वेळात मी लेखाचं साहित्य काढून घेतलं. बाई चित्रावर बोट फिरवत सांगत गेल्या आणि मी, ज्याने आयुष्यभर गटारांच्या निविदांवर लिहिलं तो मी, लिहायचं विसरून ऐकत राहिलो.

श्वासनलिका छातीत उतरली की तिला दोन फाटे फुटतात. दोनाचे चार, चाराचे आठ. असं तेवीस वेळा. उलटं धरलेलं झाडच, मूळ गळ्यात आणि फांद्या खाली. प्रत्येक डहाळीच्या टोकाला हवेचे इवलेसे फुगे: वायुकोश. किती? तीस-चाळीस कोटी. सगळे उलगडून पसरले तर बॅडमिंटनचं मैदान भरेल. हे मैदान माझ्या सदऱ्याच्या दोन गुंड्यांमागे घडी घालून ठेवलेलं आहे, आणि मी ते आजवर नगराध्यक्षांना शिव्या देण्यासाठी वापरत आलो!

"आणि हवा अन् रक्त यांच्यामधला पडदा?" मी विचारलं.

"केसाच्या जाडीचे शंभरहून जास्त भाग करा. त्यातला एक."

दादा बूट घालता घालता थबकला. "इतकी पातळ?" तो म्हणाला. काचेच्या माणसाला हे कळलं. "इतकी पातळ मला... कधी नाही जमली."

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

लेखाच्या निमित्ताने कारखान्यात गेलो. खरं म्हणजे दादाचं काम कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आपली माणसं काय करतात हे आपण कुठे बघतो? ती करत असतात एवढं धरून चालतो.

भट्टीचं तोंड नारिंगी. दादाने फुंकनळी आत घालून मधासारखी काच गोळा केली, बाहेर काढली, नळी फिरवत फिरवत लोखंडी पाटावर लोळवली. त्याच्या हाताखाली त्याचीच मुलगी काम करते. आमची पुतणी, वय सव्वीस, जीभ सत्तरीची.

"काका, मागे व्हा. तुमच्या धोतराला नाही, पण भाषेला ठिणगी लागेल."

"मी धोतर नेसत नाही."

"तुमचं बोलणं नेसतं."

मग दादाने फुंकलं. एक छोटीशी फुंकर, मुलाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला मारावी तेवढी. आणि चटकन नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. मी पाहत राहिलो. तो फुंकत नव्हता, तरी दुसऱ्या टोकाला काच फुगत होती! आतली हवा तापते, पसरते, आणि बाहेर जायला वाट नसते म्हणून काचेला बाहेर ढकलते.

"थोडंसं द्यायचं," दादा म्हणाला, "मग अंगठा ठेवायचा. बाकी... हवेला करू द्यायचं."

काय ही कला! माणसाने फक्त सुरुवात करायची आणि पुढे सृष्टीला तिचं काम करू द्यायचं. पुतणीला म्हटलं, "बघ, याला म्हणतात प्रभुत्व. फुंकणंसुद्धा टाळतो."

ती नळी घेऊन जाता जाता म्हणाली, "हो. हल्ली बाबा सगळं अंगठ्यानेच फुंकतात. पूर्वी मोठा चंबू दोन दमात व्हायचा. आता मी अधूनमधून फुंकते, ते अंगठा धरतात."

शिष्या तयार होते आहे म्हणायचं. गुरूने मागे सरायचं असतं.

दादा पेटीवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, ओठांचा चंबू करून. शीळ घालत असावा. भट्टीच्या घरघरीत मला ऐकू आली नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

आमच्या जुन्या विद्येत एक आकडा आहे: माणूस दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे श्वास घेतो. गुरुजींनी पाठ करून घेतला तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी गोल आकडा ठोकून दिलाय. आज पडताळून पाहिलं. स्वतःचे मोजायला गेलं की श्वास लगेच चोरट्यासारखा वागायला लागतो. सावरून बसतो, लांब होतो. म्हणून मी वाचत बसलो आणि बायकोला सांगितलं, चोरून मोज.

"मिनिटाला पंधरा," तिने जाहीर केलं. "आणि एकदा घोरलात. वाचताना."

पंधरा गुणिले साठ गुणिले चोवीस. एकवीस हजार सहाशे! घड्याळ नाही, यंत्र नाही, कोणीतरी झाडाखाली बसून दुसऱ्याच्या छातीकडे बघत हे मोजलं असेल. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग बायकोला हिशोब दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे आता लेखात प्राण-अपान येणार."

आणखी एक गोष्ट फुंकरबाईंनी सांगितली होती, ती आज कळली. फुप्फुसांना स्वतःचा स्नायू नाही. खालचा पडदा आणि बरगड्या ओढतात तेव्हा ती फुगतात. आत घ्यायला कष्ट आहेत. सोडायला नाहीत. सोडताना नुसतं ओढणं थांबवायचं; ताणलेलं फुप्फुस आपणहून मिटतं. म्हणजे अर्धं जगणं मेहनतीचं आणि अर्धं फुकट. माझी खुर्ची याच्या उलट: तिला फक्त सोडता येतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सरावासाठी दादाकडे गेलो. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. फाटकाशीच गाठ पडली, बरोबर चढलो. पहिल्या वळणावर त्याने कठड्याचा रंग दाखवला. दुसऱ्यावर खिडकीतून समोरची इमारत. तिसऱ्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. रसिक माणूस.

आत गेल्यावर मी योजना मांडली. काडी पेटवून त्याच्या तोंडापासून वीतभर लांब धरायची आणि त्याने ती एका झटक्यात विझवायची. अट एकच: ओठ मिटायचे नाहीत, गाल फुगवायचे नाहीत. तोंड उघडं. म्हणजे कारागिरीला वावच नाही.

पहिली काडी माझ्या बोटापर्यंत जळली. दुसरीही. ज्योत जरा मान लववायची आणि पुन्हा उभी.

"दादा, अरे राखू नकोस! सोड!"

"सोडतोय."

"कुठे सोडतोयस? छाती तर भरलेली दिसतेय."

"तेच... म्हणतोय."

अकरा काड्या झाल्या. मला हसू आवरेना. जो माणूस वीस लिटरचा चंबू फुंकतो त्याला एक काडी विझवता येत नाही, सवय म्हणजे काय असते पाहा! मी तोंड उघडून 'हाऽ' करून दाखवलं, विझली. दादाही हसला. हसता हसता खोकला.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हटलं, "वहिनी, तुमच्या यजमानांना उधळपट्टी शिकवा जरा."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "झोपतानाही ते आता आडवे होत नाहीत. खुर्चीतच बसून असतात."

"पाठीमुळे?"

त्यांनी माझ्या हातातली काडीपेटी घेतली आणि आत गेल्या. परत आल्या नाहीत.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज दादाने बरोबर फुंकलं.

नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि बाई ओरडल्या तसा त्याने सगळा जीव एकत्र करून सोडला. गाल फुगले नाहीत. राखलं काही नाही. खांद्यांपासून पोटापर्यंत माणूस पिळला गेला. मी टाळी वाजवणार होतो. पडद्यावर रेघ थोडी उसळली आणि लगेच वाकली. मग तीच गोगलगाय.

तीन वेळा केलं. तीनही रेघा एकमेकींवर बसल्या.

"आता बरोबर आहे," बाई हळू म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "काका, निरोगी माणूस पहिल्या सेकंदात छातीतल्या हवेचे चारातले तीन भाग बाहेर टाकतो. तुमचा एक भागच निघतो, जेमतेम."

"म्हणजे सवयीचा काही..." मी सुरुवात केली.

"सवय नाही ती," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळीच मला वाटलं होतं. पण खात्री करायची होती."

कागद वाचायला मला आणलं होतं. मी कागद वाचला. सगळं मराठी येत असून मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. दादाने मात्र विचारलं, "आत नेमकं... काय झालंय?"

बाईंनी चित्राकडे बोट केलं. वायुकोशांच्या मधल्या भिंती विरत जातात. साबणाचे चार बुडबुडे जुळून एक मोठा होतो, तसे दहा कोश मिळून एक होतो. जागा मोठी होते, भिंत कमी होते. मैदान आक्रसत जातं. आणि जे उरतं त्याचा ताण गेलेला असतो, ते आपणहून मिटत नाही. हवा आत येते, बाहेर जाता जात नाही. जुन्या भट्टीचा धूर, वाळूची धूळ, तरुणपणीच्या सिगारेटी. कुणी किती केलं ते आता वेगळं काढता येत नाही.

"समजलं," दादा म्हणाला. "काच जास्त ताणली की... भिंत पातळ होते. दिसायला मोठी, छान. पण मग ती... परत येत नाही."

"हो काका. अगदी तसंच."

"विरलेली भिंत... भरता येते?"

"नाही. उरलेली सांभाळता येते. औषध आहे, व्यायाम आहेत. भट्टी मात्र आजपासून बंद."

दादाने चित्रावरची नजर काढली. "म्हणजे माझ्या छातीत याच्यापेक्षा," त्याने माझ्याकडे अंगठा दाखवला, "जास्त हवा आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "बरीच जास्त."

"बघ पंडित. पैज... अजून मीच जिंकतोय."

आम्ही दोघे हसलो. मी आधी थांबलो.

घरी येताना जिन्यावर त्याने काही दाखवलं नाही, मी विचारलं नाही. प्रत्येक वळणावर नुसते उभे राहिलो. ओठांचा तो चंबू शीळ घालण्यासाठी नसतो. अरुंद वाटेने सोडलं तर आतल्या बारीक नळ्या मिटत नाहीत, असं बाईंनी निघताना सांगितलं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. देहाने स्वतःच शोधून काढलं, आणि मी त्याला संगीत समजलो.

अकरा काड्या. वहिनींनी काडीपेटी का नेली ते मला आज कळलं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

लेख दिला. संपादकांनी शेवटचे दोनशे शब्द कापले, प्राण-अपान ठेवले. म्हणाले, "या वेळी जमलंय. घडी घातलेलं मैदान वगैरे. तुम्हाला स्वतःला नवल वाटलेलं दिसतं."

वाटलं. अजून वाटतं. एक सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो. माणसाने कितीही जोर करून सोडलं तरी लिटर-सव्वा लिटर हवा आत उरतेच. ती कुणालाच काढता येत नाही. जन्मल्यावर पहिल्या रडण्याबरोबर आपण ती आत घेतो, आणि तेव्हापासून छाती पूर्ण रिकामी अशी एकदाही होत नाही. जुनी थोडी जाते, नवी थोडी येते, पण काहीतरी नेहमी शिल्लक असतं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

आज कारखान्यात गेलो. मोठा चंबू पुतणीने फुंकला. दादा भट्टीपासून लांब, दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तिथून त्याला तिची पाठच दिसत होती, तरी तो सांगत होता. "फिरव... थांबू नकोस... आता दे. थोडं." तिने दिलं. "अंगठा." तिने ठेवला. काच फुगत गेली, घागरीएवढी, मग तिच्याहून मोठी. सगळे कामगार आपापली कामं सोडून बघत होते. आणि मी बघत होतो तर दादाचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर घट्ट दाबलेला. काच निववण्याच्या भट्टीत जाईपर्यंत त्याने तो उचलला नाही.

"जरा डावीकडे कललाय," तो म्हणाला.

"बाबा, तुमचा पहिला कसा होता?" ती घाम पुसत म्हणाली.

"फुटला होता."

शनिवार, २ मार्च

खुर्ची दुरुस्त करायला माणूस आला होता. आतली नळी काढून दाखवली आणि म्हणाला, गळते, बदलावी लागेल. पंधरा मिनिटांत बदलली. आता ती सुस्कारा टाकत नाही, खालीही जात नाही. मी त्याचे फार आभार मानले. त्याला जरा विचित्रच वाटलं असावं.

काचेचा गोळा घरी आणून कपाटात ठेवला आहे, मऊ कापडात. कचेरीत धक्का लागायचा.

दादा रोज संध्याकाळी फोन करतो. औषध घेतो, बाईंनी दिलेले व्यायाम करतो, जिन्यावर कुठे थांबायचं ते वहिनींनी ठरवून दिलं आहे. पुतणीची तक्रार करतो, माझ्या लेखातल्या चुका काढतो. माझ्या बाजूने मीही थट्टा करतो. सगळं पहिल्यासारखं चाललं आहे.

फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तो बोलतो तेव्हा मी आता मोजतो. एका श्वासात किती शब्द झाले, तो कुठे थांबला, कालच्यापेक्षा अलीकडे की पलीकडे. ज्याला मी यती म्हणत होतो ते काय आहे हे कळल्यापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही. आज फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले भाऊजी?" मला सांगता आलं नाही. सहा, पाच, सहा, चार, एवढंच आठवत होतं.

मला त्याच्या जाण्याची भीती वाटते, हे खरं. पण त्याहून जास्त भीती याची वाटते की उरलेला सगळा वेळ मी मोजण्यात घालवीन, आणि तो काय म्हणत होता ते मला कधीच कळणार नाही.